डोळ्यातली पांढरी बाहुली आणि आपला उशीर

डोळ्यालाही कॅन्सर होतो, असं पालकसभेत म्हटलं की समोर बसलेल्या आया एकमेकींकडे बघायला लागतात. मोतीबिंदू सगळ्यांना माहीत असतो, काचबिंदू ऐकलेला असतो, डोळे तर दर पावसाळ्यात येतातच. पण कॅन्सर? आणि तोही दीड-दोन वर्षांच्या लेकराला? मी काही विज्ञानाची शिक्षिका नाही. उर्दू आणि मराठी शिकवते. पण या विषयावर बोलायला डॉक्टरच हवा असं मला वाटत नाही. उलट डॉक्टरांचं काम जिथे सुरू होतं, त्याच्या आधीच आपल्याकडे सगळा घोळ होतो, असं माझं मत आहे आणि त्याच मुद्द्यावर मी लिहिते आहे.

शाळेच्या भिंतीवर भारतीय शास्त्रज्ञांचा उर्दू तक्ता लावायचा होता. नेहमीची नावं सोडून काही नवी शोधावीत म्हणून शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराची यादी चाळत होते. देशातल्या तरुण संशोधकांना मिळणारा हा मोठा सन्मान. वैद्यकशास्त्रात 2009 साली तो डॉ. संतोष होनावर यांना मिळाला. त्याआधी, 2006 साली, डॉ. वीरेंद्र सांगवान यांना. दोघेही डोळ्यांचे डॉक्टर आणि दोघांचंही काम हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतलं. एकाने डोळ्याच्या कॅन्सरवर काम केलं, दुसऱ्याने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर. तक्त्यासाठी चार ओळी हव्या होत्या. वाचत गेले आणि हा विषय डोक्यात बसला तो बसलाच.

लहान मुलांच्या डोळ्याच्या कॅन्सरला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. डोळ्याच्या आतल्या दृष्टिपटलावर गाठ वाढते. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच. म्हणजे शाळेचा पट गाठण्याआधी. ओळखायची मुख्य खूण इतकी साधी आहे की ती सांगताना संकोच वाटतो. डोळ्याची बाहुली काळी दिसण्याऐवजी पांढरट चमकते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात मांजरीच्या डोळ्यासारखी. दुसरी खूण म्हणजे तिरळेपणा. आता आपल्या घरांत काय होतं? आजी म्हणते, पोराचे डोळे घारे होणार. तिरळेपणाला तर 'नशीबवान' म्हणायची पद्धत आहे. दुखत नाही, खुपत नाही, पोर खेळतंय, मग दवाखाना कशाला?

होनावर फिलाडेल्फियाच्या विल्स नेत्ररुग्णालयात असताना त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांचा डोळा गाठीमुळे काढावा लागला होता आणि काढलेल्या डोळ्याच्या तपासणीत धोक्याच्या खुणा सापडल्या होत्या, अशा 80 मुलांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या. 46 मुलांना डोळा काढल्यानंतर पुढचे उपचार, मुख्यतः किमोथेरपी, मिळाले होते. 34 जणांना मिळाले नव्हते. पहिल्या गटात कॅन्सर शरीरात इतरत्र पसरला तो दोघांना. दुसऱ्या गटात आठ जणांना. टक्केवारीत 4 विरुद्ध 24. आकडे छोटे आहेत, पण त्यांतून निघणारी गोष्ट मोठी आहे. डोळा काढला म्हणजे संपलं, असं नाही. काढलेला डोळा प्रयोगशाळेत नीट तपासायचा आणि धोका दिसला तर मूल ठणठणीत दिसत असतानाही औषधं द्यायची.

हे मी मुद्दाम लांबण लावून सांगते आहे. कारण आपले लोक नेमके इथेच दोनदा माघारी फिरतात. पहिल्यांदा डॉक्टर 'डोळा काढावा लागेल' म्हणतात तेव्हा. डोळा काढायचा? मुलगी असेल तर लग्नाचं काय? मग हकीम, मग जडीबुटी, मग कुणीतरी सांगितलेला ताईत. या फेऱ्यांत चार-सहा महिने जातात आणि तेवढ्यात गाठ डोळ्याच्या भिंतीबाहेर पडते. दुसऱ्यांदा डोळा काढून झाल्यावर. जखम भरली, कृत्रिम डोळा बसला, मूल हसतंय-खेळतंय, आता पुन्हा दवाखान्याच्या वाऱ्या कोण करणार? हातावर पोट असलेल्या बापाची रोजची मजुरी बुडते, हे मला कळतं. पण त्या 34 आणि 46 मधला फरक नेमका त्याच वाऱ्यांचा आहे.

होनावर यांचं आणखी एक काम मला जास्त अस्वस्थ करतं. गाठ डोळ्याबाहेर, खोबणीत पसरलेली असेल तर पूर्वी अशा मुलांबद्दल फारशी आशा धरत नसत. त्यांनी आधी जास्त मात्रेची किमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन आणि पुन्हा किमोथेरपी असा क्रम बसवला आणि त्यातून अशी मुलंही वाचू लागली. मोठंच यश. पण हे काम भारतात का झालं? कारण एवढी पुढे गेलेली गाठ श्रीमंत देशांतल्या डॉक्टरांना क्वचितच बघायला मिळते. 153 देशांतल्या चार हजारांहून अधिक मुलांचा एक अभ्यास 2020 साली आला. श्रीमंत देशांत हा रोग सापडतो तेव्हा मुलाचं वय साधारण 14 महिने असतं, सर्वांत गरीब देशांत 30 महिने. श्रीमंत देशांत शंभरातल्या एक-दोन मुलांची गाठ डोळ्याबाहेर पोचलेली असते, गरीब देशांत जवळजवळ निम्म्यांची. भारत या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे. म्हणजे आपल्या डॉक्टरांचं कौशल्य ज्या मुलांवर घडलं, ती मुलं उशिरा आली होती. त्यांचं कौतुक करताना ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

मग उशीर कमी कसा करायचा? नवीन योजना, नवीन समिती, असलं काही मला सुचवायचं नाही. गावोगाव एक गोष्ट आधीपासून सुरू आहे. बाळ नऊ महिन्यांचं झालं की गोवर-रुबेलाच्या लसीसोबत त्याला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. मग दीड वर्षाच्या सुमारास दुसरा, नंतर दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचं होईपर्यंत. एकूण नऊ डोस. हे डोस मुळात डोळ्यांसाठीच आहेत. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो आणि पुढे डोळ्याचा पारदर्शक पडदा अक्षरशः विरघळतो, म्हणून 1970 साली देशात हा कार्यक्रम सुरू झाला. आता गंमत बघा. रेटिनोब्लास्टोमा होण्याचं वय आणि या नऊ डोसांचं वय जवळजवळ एकच! नऊ वेळा बाळ सिस्टरच्या, आशाताईच्या मांडीवर येतं. चमचा तोंडात जातो आणि डोळ्यांकडे कुणी बघत नाही. त्याच वेळी खोलीत अंधार करून टॉर्चच्या उजेडात दोन्ही बाहुल्या बघायच्या आणि आईला एकच प्रश्न विचारायचा, 'याच्या डोळ्यात कधी पांढरं चमकलं का?' टॉर्चने सगळं कळत नाही, हे मलाही माहीत आहे. त्यासाठी बाहुली मोठी करून आतला पडदा बघावा लागतो. पण कुणाला तिथवर पाठवायचं, एवढं तर कळेल.

हे शक्य नाही असं नगर जिल्ह्यातल्या माणसाने तरी म्हणू नये. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केलं. कमी शिकलेल्या, काही तर अक्षरओळखही नसलेल्या बायांना त्यांनी गावच्या आरोग्यसेविका बनवलं. त्या बायांनी बाळंतपणं सांभाळली, कुष्ठरोग आणि क्षय ओळखले. ते बघायला जगभरातून लोक जामखेडला येत आले आहेत. ज्या बाईला चट्टा ओळखता येतो, तिला पांढरी बाहुली ओळखता येणार नाही?

घरच्यांच्या हातात तर त्याहून सोपं साधन आहे. मोबाइल. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत डोळे लाल येतात, तो आतल्या पडद्याचा निरोगी रंग. एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येत असेल, आणि तसं पुन्हा पुन्हा होत असेल, तर डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. कधीकधी नुसत्या कोनामुळेही पांढरं येतं, म्हणून लगेच घाबरायचं नाही, पण तपासायचं मात्र नक्की. अमेरिकेत ब्रायन शॉ नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या मुलाला हा आजार झाला. त्यांनी नंतर घरातले हजारो फोटो पुन्हा तपासले, तेव्हा बाळ 12 दिवसांचं असतानाच्या फोटोतही पांढरी चमक दिसली. त्यातून त्यांनी फोटो तपासणारं एक अ‍ॅप तयार केलं. आपल्याकडे बारशापासून अकीक्यापर्यंत पन्नास-पन्नास फोटो निघतात. ते फेसबुकवर टाकण्याआधी एकदा डोळे बघून घ्या. आणि घरातल्या एका मुलाला हा आजार निघाला तर त्याच्या सख्ख्या भावंडांनाही दाखवायला न्या, कारण काही कुटुंबांत तो वारशाने येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात या आजारावर उपचार होतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. पैसा हा मोठा प्रश्न आहेच, पण उशिराचं सगळं खापर पैशावर फोडता येत नाही.

मोठ्यांच्या डोळ्यालाही कॅन्सर होतो. बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागावर मांस वाढल्यासारखं दिसतं. उर्दूत डोळ्यावर वाढणाऱ्या साध्या मांसाला 'नाखूना' म्हणतात, नखासारखं दिसतं म्हणून. अरबी हकीम त्याला 'ज़फ़रा' म्हणत, त्याचाही अर्थ नखच. हा नाखूना बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण उन्हातान्हात आयुष्य काढलेल्या माणसाच्या डोळ्यात तो भराभर वाढू लागला, खडबडीत झाला, त्यात रक्तवाहिन्या गुंतल्या, तर तो कॅन्सर असू शकतो. लवकर सापडला तर लहानशी शस्त्रक्रिया नाहीतर थेंबांची औषधं यांवर भागतं. एवढंच ध्यानात ठेवलं तरी पुरे.

इथून डॉ. सांगवान यांच्या कामाकडे येते. त्यासाठी आधी एक शब्द. डोळ्यापुढच्या पारदर्शक पडद्याला आपल्या पाठ्यपुस्तकात 'पारपटल' म्हटलंय. वर्तमानपत्रं 'बुबुळ रोपण' लिहितात, पण पुस्तकात बुबुळ म्हणजे त्यामागचा रंगीत भाग. मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो. उर्दूत पारपटलाला 'क़रनिया' म्हणतात, हा शब्द अरबीतून आला. 'क़र्न' म्हणजे शिंग. शिंगाचा पातळ तुकडा जसा आरपार दिसतो तसा हा पडदा, म्हणून हे नाव. 'कॉर्निया' हा लॅटिन शब्दही शिंगावरूनच आला आहे. वर्गात हे सांगितलं की पोरं लगेच एकमेकांच्या डोळ्यांत शिंगं शोधायला लागतात.

या पारपटलावर रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या कडेला असलेल्या मूळ पेशी त्याचा वरचा थर सतत नवा करत राहतात. गाठ काढताना किंवा डोळा भाजल्यावर या पेशी नष्ट झाल्या, तर पडदा पांढरा पडतो आणि नुसतं दुसऱ्याचं पारपटल बसवून भागत नाही. सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली एक सोपी पद्धत मांडली. दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, बाळंतपणातल्या वारेवरचं पातळ आवरण डोळ्यावर पसरून त्यावर ते चिकटवायचे. पेशी तिथेच वाढतात. महागडी प्रयोगशाळा लागत नाही.

आणि डोळे भाजतात कशाने? आपल्याकडे चुन्याने. तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी पोरं खेळायला घेतात, दाबतात, फुटते आणि चुना थेट डोळ्यात. हैदराबादच्या डॉक्टरांनी या पुड्यांवर लिहिलेलं आहे. डोळ्यात चुना गेला तर काहीही शोधत बसू नये, नळाखाली धरून किमान अर्धा तास डोळा धुवावा आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. तंबाखू सोडा हे मी हजार वेळा सांगून थकले. निदान पुडी तरी उंचावर ठेवा.

नगरची दुसरी जखम उसाची. प्रवरानगरला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच उसाच्या फडात पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीडच्या टोळ्या कोयता चालवतात. उसाचं पातं डोळ्याला घासतं. ज्वारी-बाजरीच्या मळणीत कुसळ जातं. ओरखडा उठतो. मग कुणी डोळ्यात आईचं दूध घालतं, कुणी मध, आमच्याकडे सुरमा. नाहीतर मेडिकलवाल्याला विचारून थेंब. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर आधी बरं वाटतं, पण आत बुरशी असली तर तिला रान मोकळं मिळतं. पडद्यावर जखम होते आणि ती भरली तरी पांढरं फूल कायमचं राहतं. देशाच्या 2015 ते 2019 या काळातल्या सर्वेक्षणानुसार 50 वर्षांखालच्या अंधांमध्ये सर्वांत मोठं कारण हे फूलच आहे, सुमारे 37.5 टक्के.

यावरही संशोधन झालेलं आहे आणि ते कुठल्या मोठ्या शहरातलं नाही, नेपाळातल्या भक्तपूरचं. डोळ्याला खरचटलेल्या 442 लोकांना गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी तीन दिवस साधं क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम लावलं. 96 टक्के लोक जखम न चिघळता बरे झाले. जे मार लागल्यापासून 18 तासांच्या आत आले, त्यांच्यापैकी एकाचीही जखम चिघळली नाही. 2001 साली हे छापून आलं. अशी काही रुपयांची ट्यूब आणि ती लावायला शिकवलेला एक माणूस प्रत्येक ऊसतोड टोळीसोबत का नसावा? मुकादमाकडे उचलीचा हिशेब असतो, तशी ही ट्यूब का नसावी?

हे सगळं करूनही काहींच्या डोळ्यात फूल पडणारच. त्यांना पारपटल लागतं आणि ते कारखान्यात बनत नाही. 1905 साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी एडुआर्ड झिर्म यांनी पहिलं यशस्वी पारपटल रोपण केलं. रुग्ण होता चुन्याने डोळे गेलेला एक मजूर. पुन्हा चुनाच! पारपटल मिळालं होतं अपघातात डोळा गमावलेल्या 11 वर्षांच्या मुलाचं. पुढे सोव्हिएत संघात फिलातोव्ह यांनी मृतांच्या डोळ्यांतूनही हे जमतं हे दाखवलं आणि मग नेत्रपेढ्या आल्या. भारतातली पहिली 1945 साली मद्रासला. आपल्या तेव्हाच्या मुंबई राज्याने 1957 सालीच या रोपणासाठी कायदा केला होता. म्हणजे महाराष्ट्राला हे काम नवं नाही. नगरजवळ नागरदेवळ्याचं फिनिक्स फाउंडेशन वर्षानुवर्षं मोफत नेत्रशिबिरं घेतं, नेत्रदानाचे अर्ज भरून घेतं. त्या शिबिरांच्या रांगेत बुरखे आणि टोप्या भरपूर दिसतात. अर्ज भरायच्या टेबलाशी मात्र दिसत नाहीत.

आता अवघड भागाकडे येते. यावर आमच्यात बोललं जात नाही, म्हणून मी बोलते.

नेत्रदानाला विरोध करणारे अज्ञानी आहेत, असं मी म्हणणार नाही. उपखंडातल्या अनेक हनफी मुफ्तींनी त्याला नकार दिला आहे आणि त्यामागे विचार आहे. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, आपल्या मालकीची वस्तू नाही, मग दान कसं करणार? मय्यतीच्या देहाला इजा करणं जिवंत माणसाला इजा करण्यासारखंच, असा आशय असलेली हदीस ते पुढे ठेवतात. 1989 साली इस्लामिक फिकह अकादमीच्या दिल्लीतल्या चर्चेतही मृत्यूनंतर अवयव देण्याची इच्छा ही शरीयतच्या अर्थाने वसीयत ठरत नाही, असंच मत पडलं. दुसऱ्या बाजूला जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1988 साली मृताच्या किंवा त्याच्या वारसांच्या संमतीने, काही अटींवर, अवयव घ्यायला परवानगी दिली. त्याआधी 1982 साली सौदीच्या ज्येष्ठ उलेमांनीही. दोन्हीकडे मोठे आलिम आहेत, दोन्हीकडे कुरआन-हदीसचेच दाखले आहेत. म्हणजे हा मतभेदाचा मसला आहे. आमच्या मोहल्ल्यात मात्र त्यातलं एकच मत माहीत असतं आणि तेच 'इस्लाम' म्हणून सांगितलं जातं. माझी तक्रार एवढीच आहे.

आणि एक प्रश्न आहे, त्याचं उत्तर मला कुणी देत नाही. पारपटल घेऊ नका, असं कुणी सांगितलंय का? श्रीलंकेत डॉ. हडसन सिल्वा यांनी उभ्या केलेल्या नेत्रदान संस्थेतून वर्षानुवर्षं पाकिस्तानात डोळे जातात. देणारे बहुतेक बौद्ध. घेणारे आपले मुसलमान भाऊ-बहीण, कराची-लाहोरच्या दवाखान्यांत. आपल्याकडेही मुसलमान रुग्णाच्या डोळ्यात कुणा हिंदू, जैन घरातलं पारपटल बसतं आणि घरचे 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणतात. म्हणायलाच हवं. पण घेताना जी ज़रूरत मानली, ती देताना कुठे जाते?

अब्दुल सत्तार ईधी यांचं उदाहरण मला म्हणूनच मोठं वाटतं. काठियावाडच्या बांटव्यात जन्मलेला, फाळणीनंतर कराचीला गेलेला हा साधा मेमन माणूस. बेवारस प्रेतांना गुस्ल देण्यात, कफन घालण्यात त्यांची हयात गेली. मय्यतीचा मान काय असतो, हे त्यांच्याहून जास्त कुणाला कळणार? 8 जुलै 2016 ला ते वारले. सगळे अवयव द्यायची इच्छा होती, पण आजारपणामुळे डोळेच घेण्यासारखे होते. ते दोन माणसांना मिळाले. त्यानंतर जनाजा झाला, कराचीच्या मैदानावर हजारोंनी नमाज पढली आणि त्यांनी स्वतःच खोदून ठेवलेल्या कबरीत त्यांचं दफन झालं.

व्यवहाराच्या शंका मतभेदापेक्षा सोप्या आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. काम पंधरा-वीस मिनिटांचं. नेत्रपेढीचे लोक घरी येतात. 2011 च्या दुरुस्तीनंतर प्रशिक्षित तंत्रज्ञही पारपटल काढू शकतो. चेहरा विद्रूप होत नाही, पापण्या मिटलेल्याच राहतात. आपल्याकडे नातेवाईक गोळा व्हायला, कबर खोदायला जेवढा वेळ जातो, त्यात हे होऊन जातं, दफनाला उशीर होत नाही. चश्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनी अडत नाही. कॅन्सरने वारलेल्याचेही पारपटल बहुतेक वेळा चालतात, कारण त्यात रक्तवाहिन्याच नसतात. रक्ताचा आणि डोळ्याचा कॅन्सर मात्र याला अपवाद. एचआयव्ही, कावीळ ब आणि क, रेबीज असेल तरी घेत नाहीत. पण जिवंतपणी कितीही अर्ज भरले, तरी त्या वेळी घरच्यांनीच 'हो' म्हणावं लागतं. म्हणून हा विषय मय्यतीच्या घरात पहिल्यांदा काढायचा नसतो. त्या वेळी कुणीही नाहीच म्हणणार आणि मी त्यांना दोष देणार नाही.

आमच्या घरात मी तो काढला आहे, अजून एकमत नाही. धाकटा भाऊ हो म्हणतो. नवऱ्याचं म्हणणं, तुझं तू ठरव, माझं मी बघेन. अम्मी सगळं ऐकून घेते, सहा तासांचं, वीस मिनिटांचं, ईधींचंही. मग सुपारी कातरता कातरता म्हणते, "पयले मौलाना कू पूछ के आव, फिर मेरे कू बोल." भाऊ येत्या जुम्म्याला विचारून येणार आहे. जेद्दाहचा आणि दिल्लीचा, दोन्ही निर्णयांचं टिपण मी त्याला उर्दूत लिहून दिलंय.